रक्तात संप्रेरक भरपूर, तरी टीएसएच दबत नाही : थायरॉईडच्या रिसेप्टरचे प्रकार आणि त्यांतील दोष

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अकरा वर्षांच्या मुलाच्या गळ्याला सूज दिसली म्हणून रक्त तपासले. फ्री टी४, म्हणजे रक्तात मोकळे फिरणारे थायरॉक्सिन, २.९ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले, प्रयोगशाळेची वरची मर्यादा १.७ होती; पेशींत प्रत्यक्ष काम करणारे संप्रेरक टी३, त्याचे फ्री टी३ही वाढलेले होते, पण टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम करायला लावणारे पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक, ३.८, म्हणजे चारचौघांसारखे. बसल्या जागी नाडी १०४ च्या आसपास, मुलगा वर्गात स्थिर बसत नाही अशी शिक्षकांची तक्रार, आणि उंची मात्र बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी. थायरॉईड वाढला आहे, म्हणजे ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे, असे समजून ते काम आवरणारे कार्बिमाझोल हे औषध सुरू झाले. तीन महिन्यांत टीएसएच १४ वर गेले आणि गळ्याची सूज उतरण्याऐवजी वाढली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी रिसेप्टरचा, म्हणजे पेशीत संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाचा, दोष असू शकतो असे सांगितले. आईचे विचारणे असे, की जे संप्रेरक रक्तात उतू जात आहे, ते एका अवयवाला जास्त आणि दुसऱ्याला कमी कसे पडते, आणि रिसेप्टरचे प्रकार वेगवेगळे असण्याचा याच्याशी काय संबंध आहे. पत्राच्या अखेरीस त्यांनी जाता जाता आणखी एक गोष्ट लिहिली आहे : मुलाच्या वडिलांचे पंधरा वर्षांपूर्वी गलगंडाचे ऑपरेशन झाले असून रोज २०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन घेऊनही त्यांचे टीएसएच नऊच्या खाली येत नाही.

प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही मुळापासून देतो.

संप्रेरक आणि रिसेप्टर यांचे नाते सांगताना कुलूप आणि किल्ली यांचा दाखला दिला जातो. थायरॉईडच्या बाबतीत तो दाखला दिशाभूल करतो, कारण किल्ली नसलेले कुलूप नुसते पडून असते, आणि हा रिसेप्टर कधीच नुसता पडून नसतो. तो पेशीच्या केंद्रकात, थेट डीएनएवर, ठरलेल्या जागी बसलेला असतो. टी३ येवो वा न येवो. एजीजीटीसीए या सहा अक्षरांचा तुकडा जिथे दोनदा येतो, बहुधा मध्ये चार अक्षरांचे अंतर ठेवून, ती त्याची आवडती जागा, आणि तिथे तो बहुतेक वेळा आरएक्सआर नावाच्या जोडीदाराला घेऊन बसतो. टी३ नसताना तो एनकॉर आणि स्मर्ट ही सहदमनक प्रथिने धरून ठेवतो, त्यांच्यामागून एचडॅक-३ हे विकर येते, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरचे ॲसिटिल गट काढले जातात, आणि त्या भागातला डीएनए आवळला जाऊन शेजारचे जनुक वाचले जाईनासे होते. टी३ रिसेप्टरच्या खोबणीत शिरले की प्रथिनाच्या शेपटीकडचे बारावे सर्पिल आत वळून झाकणासारखे बसते, सहदमनकांची पकड सुटते, त्याच जागी एसआरसी-१, सीबीपी अशी सहप्रेरक प्रथिने येतात आणि जनुकाचे काम सुरू होते.

म्हणजे दार नुसते लोटलेले असणे आणि दारावर कोणी पाय रोवून उभे असणे यांत जो फरक आहे, तोच रिसेप्टर मुळीच नसणे आणि रिसेप्टर असून त्याला टी३ न मिळणे यांत आहे. हा फरक समजला की पुढचे सगळे सोपे जाते. तो नीट न समजल्यामुळे चांगले वाचलेले लोकही या आजारात गोंधळतात. उंदरांवरच्या प्रयोगांनी तो फार स्पष्टपणे दाखवला आहे. पॅक्स-८ हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांमध्ये संप्रेरक बनवणाऱ्या थायरॉईड पेशी तयारच होत नाहीत आणि ही पिल्ले दूध सुटण्याच्या सुमारास मरतात. पण याच पिल्लांमधून आल्फा या प्रकारच्या रिसेप्टरचे जनुकही काढून टाकले तर ती जगतात, अंगात संप्रेरक नसतानाही. इतकेच काय, थायरॉईडचे सगळे रिसेप्टर काढलेले उंदीरसुद्धा खुरटे राहिले तरी जगतात. संप्रेरकाचा अभाव जीव घेतो तो बऱ्याच अंशी संप्रेरक नाही म्हणून नव्हे, तर संप्रेरकावाचून बसलेला रिसेप्टर जनुके दाबून धरतो म्हणून.

काही जनुकांबाबत व्यवहार नेमका उलटा आहे. पीयूषिका ग्रंथीतले टीएसएचचे जनुक आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकातले, टीएसएच सोडायला सांगणाऱ्या टीआरएचचे जनुक टी३ आल्यावर मंदावतात. रक्तात संप्रेरक वाढले की टीएसएच खाली जाते ते यामुळेच, आणि म्हणूनच संप्रेरक वाढलेले असताना टीएसएच साधारण दिसणे ही गोष्ट साधारण नाही. आपल्या मुलाच्या अहवालात ३.८ हा आकडा एकटा पाहिला तर निर्दोष आहे, २.९ च्या शेजारी ठेवून पाहिला तर तोच सर्वांत बोलका आहे.

आता प्रकारांकडे येऊ. १९८६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी दाखवून दिले की कोंबड्यांमध्ये रक्ताचा कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूतील अर्ब-ए या जनुकाचा पेशीतला मूळ भाऊबंद हाच थायरॉईड संप्रेरकाचा रिसेप्टर आहे. पुढे कळले की माणसात अशी दोन जनुके आहेत : सतराव्या गुणसूत्रावर आल्फा आणि तिसऱ्या गुणसूत्रावर बीटा. प्रत्येक जनुकाचा संदेश कापून जोडण्याच्या किंवा सुरू होण्याच्या जागा बदलून एकाहून अधिक प्रथिने बनतात. आल्फा-१ टी३ धरतो. आल्फा-२ ची शेपटी वेगळी असल्याने तो टी३ धरतच नाही. त्याला रिसेप्टर म्हणणे हा नावापुरता मान आहे, आणि मेंदूत तो मुबलक का असतो याचे पुरते समाधान देणारे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. बीटा-१ आणि बीटा-२ दोघेही टी३ धरतात, त्यांच्यातला फरक फक्त सुरुवातीच्या भागात आहे.

खरी गंमत ही प्रथिने कुठे किती आहेत यात आहे. हृदय, हाडांची वाढती टोके, आतडे, कंकाल स्नायू आणि मेंदूचा मोठा भाग यांत आल्फा-१ चे राज्य आहे. यकृत आणि मूत्रपिंडात बीटा-१ चे. बीटा-२ मोजक्या ठिकाणी आहे, पण ती ठिकाणे मोक्याची आहेत : पीयूषिका, अधश्चेतक, आतला कान आणि डोळ्याच्या पडद्यातील शंकूपेशी. केवळ बीटा-२ काढलेल्या उंदरांत टी४ आणि टीएसएच दोन्ही चढलेले राहतात, कारण रक्तातले संप्रेरक मोजून ग्रंथीला आवरणारी नजरच मंदावलेली असते. त्याच उंदरांच्या डोळ्यांत हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकूपेशी घडत नाहीत आणि सगळ्या शंकूपेशी निळ्या-अतिनील बाजूच्या होतात. थायरॉईड आणि रंगदृष्टी यांचा असा संबंध असेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

हा नकाशा डोळ्यांसमोर ठेवून आपल्या मुलाकडे पाहू या, आणि त्याच्या बीटा रिसेप्टरच्या दोन प्रतींपैकी एकीत दोष आहे असे तूर्त धरून चालू. पीयूषिकेला रक्तातले टी३ पुरेसे ऐकू येत नाही, म्हणून ती टीएसएच सोडत राहते; ग्रंथी त्या हुकुमानुसार वाढते आणि जास्त संप्रेरक बनवते; काही काळाने रक्तातली पातळी इतकी चढते की बहिऱ्या पीयूषिकेलाही ती ऐकू यावी, आणि तिथे नवा तोल साधतो. यकृतही त्याच बहिरेपणाचे भागीदार असते, त्यामुळे थायरॉईड खरोखर वाढलेल्या रुग्णात कोलेस्टेरॉल जसे उतरते आणि लिंग-संप्रेरक वाहून नेणारे एसएचबीजी हे यकृतातले प्रथिन जसे चढते, तसे इथे सहसा होत नाही. हृदयातला रिसेप्टर मात्र आल्फा, आणि तो निर्दोष आहे. पीयूषिकेची समजूत घालण्यासाठी वाढवलेला आवाज त्याच्या कानी पूर्ण जोराने आदळतो : लयपेशींतील एचसीएन-२, कॅल्शियम ओढून घेणारा सर्का-२ पंप, वेगवान मायोसिनचे जनुक, सारी जोमाने चालू होतात आणि नाडी १०४ वर जाते. एकाच मुलाचे यकृत संप्रेरकाची वाट पाहत आहे आणि हृदय त्याच संप्रेरकाने बेजार झाले आहे. "जास्त की कमी" हा प्रश्न रक्ताला विचारून उपयोग नाही. तो प्रत्येक अवयवाला वेगळा विचारावा लागतो. चंचलपणा आणि एकाग्रतेचा अभाव हेही या मुलांत वारंवार दिसतात, आणि उंचीचे मागे पडणेही.

इथे एक शंका हुशार वाचकाला यायलाच हवी. जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यांतली एक चांगली आहे, मग निम्मे काम तरी नीट का होत नाही? याचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासातील एका कुटुंबाने दिले. १९६७ मध्ये थायरॉईडतज्ज्ञ सॅम्युएल रेफेटॉफ आणि सहकाऱ्यांनी मूकबधिर असलेल्या भावंडांचे वर्णन केले. त्यांना गलगंड होता, हाडांच्या टोकांवर ठिपके होते, रक्तात थायरॉईड संप्रेरक खूप होते आणि तरीही थायरॉईड वाढल्याची लक्षणे नव्हती. थायरॉईड संप्रेरकाला शरीर दाद देत नाही, हे निदान तिथे पहिल्यांदा झाले. पाव शतकाने कळले की या भावंडांत बीटा रिसेप्टरचे जनुक दोन्ही गुणसूत्रांवरून गळालेले होते. पण महत्त्वाची गोष्ट त्यांच्या आईवडिलांची आहे. त्यांच्यात एक प्रत गळालेली, एक शाबूत, आणि ते ठणठणीत. म्हणजे एक चांगली प्रत पुरते.

मग एक बिघडलेली प्रत आजार का घडवते? कारण बिघडलेली प्रत गैरहजर नसते. १९८९ पासून सापडत गेलेली बीटा जनुकातली उत्परिवर्तने, म्हणजे जनुकातले बदल, शेकड्यांनी आहेत, आणि ती जवळजवळ सगळी टी३ धरणाऱ्या भागाच्या तीन पट्ट्यांत दाटून आहेत. डीएनए पकडणाऱ्या भागात किंवा आरएक्सआरशी जोडी जमवणाऱ्या जागी ती जवळपास नाहीत, आणि हा योगायोग नव्हे. ज्या रिसेप्टरला डीएनएवर बसताच येत नाही तो निरुपद्रवी असतो, त्याच्या मालकाला आजार होत नाही, म्हणून तो आमच्या दवाखान्यात येत नाही. उपद्रवी ठरतो तो जागेवर बसणारा, जोडीदार जमवणारा, सहदमनकांना घट्ट धरून ठेवणारा, पण टी३ आले तरी दाद न देणारा रिसेप्टर. तो चांगल्या रिसेप्टरची जागा अडवतो आणि जनुक दाबून धरतो. याला आम्ही प्रभावी मारक परिणाम म्हणतो. सरकारी कचेरीत ज्याने खुर्ची सोडली नाही आणि कामही केले नाही अशा माणसाची आठवण या वर्णनाने कोणाला झाली तर माझा इलाज नाही.

उत्परिवर्तन कोणते यावर बहिरेपणाची तीव्रता ठरते. काहींत टी३ ची पकड थोडी सैल होते आणि संप्रेरकाची पातळी वाढवून ती उणीव भरून निघते. काहींत खोबणी इतकी बिघडते की कितीही टी३ आले तरी फरक पडत नाही. ३३८ व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन आलेला रिसेप्टर फक्त पीयूषिकेला बहिरे करतो असे पूर्वी मानले जाई आणि "केवळ पीयूषिकेचा प्रतिरोध" असा स्वतंत्र आजारच नोंदवला जाई. पण एकाच घरात, एकाच उत्परिवर्तनाने, एकाला धडधड आणि दुसऱ्याला काहीच नाही असे दिसू लागल्यावर ती विभागणी टिकली नाही. माझ्या मते ती रुग्णाला समजावतानाही वापरू नये. लक्षणांचा जोर त्या माणसाच्या हृदयाने ठरतो, आजाराच्या नावाने नव्हे.

आल्फाचा दोष याच्या उलट लपून राहतो, आणि तो किती लपून राहिला हे पाहण्यासारखे आहे. बीटामधील पहिले उत्परिवर्तन १९८९ मध्ये सापडले, आल्फामधले २०१२ मध्ये, एका सहा वर्षांच्या मुलीत. मधली तेवीस वर्षे हे रुग्ण नव्हते असे नाही. पण पीयूषिकेचा कारभार बीटाकडे असल्याने आल्फाच्या दोषात टीएसएच साधारण राहते, आणि टीएसएच साधारण आहे म्हटले की तपास तिथेच थांबतो. या मुलांची वाढ खुंटलेली, पाय धडाच्या मानाने आखूड, दात उशिरा, बद्धकोष्ठता चिवट, नाडी मंद, थोडा रक्तक्षय, म्हणजे थायरॉईड कमी असल्याची जवळजवळ सगळी चित्रे, आणि रक्तात टी४ खालच्या सीमेवर, टी३ वरच्या सीमेवर, रिव्हर्स टी३ (टी४ पासून बनणारे निष्क्रिय रूप) कमी. एवढा एकच ठसा. तो ओळखला तर थायरॉक्सिन देऊन यांतल्या काहींना निदान थोडा तरी फायदा होतो, विशेषतः बद्धकोष्ठता आणि वाढ यांत. आपल्या मुलाचे चित्र मात्र हे नाही.

आपल्या मुलाच्या बाबतीत रिसेप्टरचा दोष आहे असे ठरवण्याआधी तीन गोष्टी बाजूला करायला हव्यात. पहिली म्हणजे मोजणीतली चूक. केस आणि नखांसाठी लोक बायोटिनच्या गोळ्या घेतात, त्याने काही यंत्रांवरची मोजणी बिघडते. रक्तातील काही प्रतिपिंडेही तेच करतात. आणि काही घराण्यांत अल्ब्युमिन हे प्रथिनच टी४ जास्त धरते, त्यामुळे आकडा फुगतो पण माणूस निरोगी असतो. म्हणून वेगळ्या पद्धतीच्या यंत्रावर तपासणी पुन्हा करून घ्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे टीएसएच बनवणारी पीयूषिकेची गाठ. तीही हेच आकडे देते, पण तिच्यात एसएचबीजी चढलेले असते आणि एमआरआयमध्ये बहुधा गाठ दिसते. मुलांत ती फारच विरळ आहे. तिसरी म्हणजे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरच्या ॲमिओडॅरोनसारखी औषधे, ज्यांचा अकरा वर्षांच्या मुलाशी सहसा संबंध नसतो. यानंतर बीटा जनुकाच्या शेवटच्या चार भागांचे वाचन करावे. भारतात ही तपासणी आता होते. सुमारे ४० हजार जन्मांत एक असे या दोषाचे प्रमाण सांगितले जाते, म्हणजे तो दुर्मीळ आहे, पण महाराष्ट्राएवढ्या लोकसंख्येत काही हजार माणसे असायलाच हवीत, आणि त्यांतली बरीच "थायरॉईड वाढला" म्हणून औषध खात असणार.

उपचाराबाबत माझे मत ठाम आहे : आकडे खाली आणण्यासाठी उपचार करू नयेत. या मुलाच्या शरीराने ती पातळी स्वतःच्या गरजेतून गाठलेली आहे. कार्बिमाझोलने ती पातळी खाली ओढली, बहिरी पीयूषिका आणखी जोराने ओरडली, टीएसएच १४ वर गेले आणि ग्रंथी फुगली. झाले ते औषधाच्या नियमाप्रमाणेच झाले, निदानाच्या नियमाप्रमाणे झाले नाही. ते थांबवण्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी लवकर बोला. धडधडीचा त्रास होत असेल तर बीटा-ब्लॉकर गटातील औषधाने (या नावातला बीटा वेगळा, थायरॉईडच्या रिसेप्टरचा नव्हे) नाडी आवरता येते, कारण तिथे इलाज हृदयाचा हवा आहे, रक्ताचा नव्हे. ग्रंथी काढणे किंवा रेडिओआयोडीनने जाळणे यांचा विचार कोणी सुचवला तर कृपया थांबा.

रिसेप्टरच्या प्रकारांतील या फरकाचा औषध म्हणून उपयोग करण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी डेक्स्ट्रोथायरॉक्सिन हे थायरॉक्सिनचे एक रूप देऊन पाहिले गेले, आणि हृदयरोग्यांतील मृत्यू वाढल्यामुळे ते बंद करावे लागले. यकृतातल्या बीटासाठी पाठवलेला निरोप हृदयातल्या आल्फानेही घेतला होता. आल्फा आणि बीटा यांच्या टी३ च्या खोबणीत फरक आहे तो एकाच अमिनो आम्लाचा : आल्फात २७७ व्या जागी सेरिन, बीटात त्याच ठिकाणी, ३३१ व्या जागी, ॲस्परॅजिन. एवढ्या फटीचा फायदा घेऊन बीटालाच धरणारी रसायने घडवली गेली, आणि त्यांतले रेस्मेटिरोम मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत यकृतातील चरबीजन्य दाह व तंतुमयता यांसाठी मंजूर झाले. हे औषध आपल्या मुलासाठी नाही. कोणी नाव सांगितले तर गोंधळू नये म्हणून लिहिले.

घरात पुढे कोणी गरोदर असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोर्तुगालच्या अझोर बेटांवरील एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासात दिसले की दोष असलेल्या आईच्या पोटातील निर्दोष बाळ जन्मतः हलके भरते आणि त्याचे टीएसएच दबलेले असते. आईला जी पातळी पुरेशी, ती चांगले रिसेप्टर असलेल्या बाळाला अति होते. गर्भपातांचे प्रमाणही त्या आयांत जास्त होते.

आता वडिलांकडे. ज्या माणसाची ग्रंथी काढली आहे आणि जो २०० मायक्रोग्रॅम घेतो, त्याचे टीएसएच नऊवर अडकले तर पहिला संशय गोळ्या चुकण्याचा येतो, मग गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेण्याचा, मग आतड्याने ती न शोषण्याचा. हे सगळे तपासावे. पण गोळ्या वेळेवर जात असतील आणि त्यांचे फ्री टी४ वरच्या मर्यादेपाशी किंवा तिच्याही वर असेल, तर त्यांना पंधरा वर्षे जो डोस "चुकतो आहे" असे ऐकावे लागले, तो चुकलेला नसून त्यांच्या रिसेप्टरला पुरत नव्हता, आणि पंधरा वर्षांपूर्वीचा तो गलगंड मुलाच्या आजच्या गलगंडाचाच भाऊ होता. हा दोष प्रत्येक अपत्यात जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून जनुक-तपासणीसाठी रक्त द्यायला जाल तेव्हा मुलाबरोबर वडिलांचाही नमुना द्या. त्याआधी वडिलांचे फ्री टी४ आणि टीएसएच, सकाळची गोळी घेण्यापूर्वी, एकाच नमुन्यात मोजून घ्या, आणि मुलाला भावंड असेल तर त्याचेही.